आधी उठता आलं पाहिजे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज बोलायचं आहे ते ताकदीच्या व्यायामाबद्दल, आणि त्यातल्याही एकाच प्रश्नाबद्दल. व्यायामशाळेत नाव घालायला आलेला माणूस, मग तो १८ वर्षांचा असो की ५८, पहिल्या दिवशी चारी बाजूंना नजर फिरवतो आणि विचारतो, "सर, यातलं नेमकं काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. आजच्या कुठल्याही बऱ्यापैकी जिममध्ये वीस-पंचवीस यंत्रं असतात. प्रत्येक यंत्रावर माणसाचं एक चित्र आणि त्यात एकेक स्नायू लाल रंगात रंगवलेला. मोबाईल उघडावा तर तिथं रोज नवा व्यायाम. बिचारा माणूस सगळंच थोडं थोडं करतो, दुखतं अंग घेऊन घरी जातो आणि तीन महिन्यांनी दिसेनासा होतो. पुष्कळ जिमचा धंदा या दिसेनाशा होणाऱ्यांच्या वर्षभराच्या फीवर चालतो, पण तो आजचा विषय नाही.

मी व्यायाम शिकवतो त्याला ३० वर्षं होऊन गेली. या प्रश्नाचं माझं उत्तर आता फार लहान झालं आहे. यंत्रं मोजू नका, स्नायूही मोजू नका. दिवसभरात शरीराला कोणती कामं करावी लागतात ती मोजा. ती पाचच भरतात. खाली बसून उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि ओझं घेऊन चालणं. या प्रत्येक कामाचा एकेक व्यायाम निवडायचा आणि तोच वर्षानुवर्षं, हळूहळू वजन चढवत करायचा. बाकी सगळं वेळ उरला तर.

हे ऐकायला फार साधं वाटतं, म्हणून एक हकीकत सांगतो. आमच्याकडे ६४ वर्षांच्या एक काकू आल्या. आल्या म्हणजे मुलीनं हाताला धरून आणल्या. एकट्या राहायच्या. एका रात्री साडेनऊच्या सुमाराला स्वयंपाकघरात सांडलेलं पुसायला खाली बसल्या आणि तोल जाऊन बाजूला कलंडल्या. हाड मोडलं नाही, मुका मारसुद्धा फारसा नाही. फक्त उठता येईना. ओट्याला हात पोहोचेना, पायात जोर येईना. फोन बाहेरच्या खोलीत. दूधवाल्यानं सकाळी सव्वासहाला बेल वाजवली, तोवर काकू फरशीवर होत्या. डॉक्टरांनी सगळे फोटो काढले आणि सांगितलं, काही झालेलं नाही. मुलीनं मला विचारलं, "काही झालेलं नाही, तर मग रात्रभर उठता का आलं नाही?"

त्याचं कारण त्या एका रात्रीत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी त्यांनी जमिनीवर बसायचं सोडलं होतं. आधी जेवण टेबलावर आलं, मग संडास कमोडचा झाला, मग देवघर उंचावर गेलं. हळदीकुंकवाला जाण्याआधी त्या फोन करून विचारायच्या, "खुर्ची आहे ना गं?" पुढे जाणंच बंद झालं. यातली प्रत्येक गोष्ट सोयीचीच होती. पण उकिडवं बसून उठणं ही आपल्याकडच्या बायका-पुरुषांची रोजची, नकळत होणारी मेहनत होती. ती एकेक करून काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरं काही ठेवलं नाही.

काकूंना मी पहिल्या दिवशी एक खुर्ची दिली. खुर्चीवर उशी ठेवली, म्हणजे बैठक उंच झाली, आणि सांगितलं, हात न लावता उठा. पाच वेळा. त्यांना जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. "अहो सर, हा काय व्यायाम?" म्हणाल्या. पाचव्या वेळेला मांड्या थरथरायला लागल्या तेव्हा तो व्यायाम आहे हे त्यांनाही पटलं. तीन आठवड्यांनी उशी काढली. पुढे खुर्चीच्या जागी बुटकं स्टूल आलं. मग छातीशी धरलेली दोन किलो तांदळाची पिशवी आली, मग पाच किलोची. जोडीला जमिनीवरून उठायची रीत शिकवली. कुशीवर वळायचं, हातागुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे रोवायचं आणि त्या पायावर भार देऊन उठायचं. ही रीत प्रत्येक साठीच्या माणसाला आली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पोहता येण्याइतकी ती गरजेची आहे. वर्षभरानं काकू छातीशी १६ किलोचं वजन धरून बैठका काढत होत्या आणि नातीबरोबर जमिनीवर पट मांडून बसत होत्या.

वय झाल्यावर ताकद वाढते का, असं पुष्कळ जण विचारतात. १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये एका वृद्धांच्या रुग्णालयात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांवर प्रयोग झाला होता. आठवड्यात तीन वेळा मांडीच्या पुढच्या स्नायूंना चांगलं जड वजन द्यायचं, आठ आठवडे. नऊ जणांनी तो पुरा केला. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. नव्वदीच्या माणसांची! तेव्हा ५५ वर्षांच्या गृहस्थांनी "आता आमचं काय राहिलंय" असं म्हणू नये.

आता तालमीकडे येतो, कारण व्यायाम निवडायचा म्हटलं की आपल्या लोकांच्या तोंडी पहिले शब्द येतात ते जोर आणि बैठका. माझं लहानपण कोल्हापूरच्या एका तालमीत गेलं, त्यामुळे या दोन व्यायामांबद्दल मला काय वाटतं ते सांगायला नको. बसून उठणं आणि ढकलणं ही पाचांतली दोन कामं त्यांनी पुरी केली, तीही एक पैसा खर्च न करता, लंगोट लावून तीन हात जागेत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि तो घराघरांत, शाळाशाळांत गेला, त्यातही जोराचाच अंश आहे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे जाडजूड खंड काढले. ते चाळले तर या दोन व्यायामांचे किती प्रकार आपल्या लोकांनी काढले होते ते दिसतं.

पण ओढणं कुठं होतं? वाकून उचलणं कुठं होतं? जोरात नाही आणि बैठकीतही नाही. मग पैलवानांच्या पाठी अशा दाराच्या फळ्यांसारख्या कशा व्हायच्या?

ते काम तालमीत होतं, फक्त त्याला कुणी व्यायाम म्हणत नसे. पहाटे गेल्यावर हौद्यातली माती फावड्यानं उकरून वर-खाली करावी लागे. तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं, वरून आदल्या दिवशीच्या घामानं आणि पायांनी दबून बसलेली. ती पुरी उकरायला दोन पोरांना पाऊण तास लागायचा. वाकायचं, फावडं मारायचं, ओढायचं. विहिरीवरनं पाणी शेंदायचं. छताच्या तुळईला दोर बांधलेला असे, त्यावर हातांनी चढायचं. मल्लखांब होता. आणि प्रत्यक्ष कुस्ती म्हणजे तरी काय? समोरच्याच्या मानेला हात घालून खेचणं, पट काढून त्याला उचलणं. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव काय, किंवा गावच्या जत्रेतला नारळावरचा पैलवान काय, त्यांची ओढण्याची ताकद या असल्या कामांतून आणि लढतीतून आलेली असायची.

पुढे तालमीतून जोर-बैठका तेवढ्या घरी आल्या. शाळेच्या पी.टी.त आल्या, पोलीस भरतीच्या मैदानावर आल्या. फावडं, दोर आणि विहीर मात्र तिथंच राहिली. त्यामुळे आज घरी नुसते जोर-बैठका मारणाऱ्या माणसाची छाती आणि मांड्या तयार होतात, पण पाठ मागे राहते. त्यात दिवसभर संगणकापुढे किंवा शिलाई यंत्रापुढे वाकून बसणं. खांदे पुढे येतात, मान पुढे जाते आणि मग तो सांगतो, "एवढा व्यायाम करतो, तरी पाठ दुखते."

दुसरी गोष्ट वजन चढवण्याची. रोज ५०० बैठका मारणारा माणूस दमदार असतो, यात शंका नाही. पण ५० बैठका सहज निघायला लागल्या की पुढच्या साडेचारशे मुख्यतः दम वाढवतात, ताकद फारशी वाढवत नाहीत. कारण भार तोच राहतो, तुमच्या स्वतःच्या शरीराचा. तालमीत याला उपाय होता. वस्ताद एखाद्या पोराला सांगायचे, "चढ रे याच्या पाठीवर." मग पाचच बैठकांत डोळ्यांपुढे तारे चमकायचे. घरी पाठीवर चढायला माणूस नसतो, आणि बायकोला विचारायची सोय नसते.

चढत्या वजनाचा नियम वस्तादांना ठाऊक होता, पण तो वैद्यकाच्या भाषेत मांडला थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरानं. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया होत, महिनोन्महिने पाय प्लॅस्टरमध्ये राही आणि मांडी काडीसारखी होऊन जाई. तेव्हाची रीत अशी की अशा पायाला हलकी हलकी हालचाल द्यायची, खूप वेळा. डीलॉर्मनं उलट केलं. त्याला स्वतःला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता आणि वजनं उचलून त्यानं ताकद कमावली होती. दहा वेळाच उचलता येईल एवढं जड वजन त्यानं सैनिकांना दिलं आणि ते जमलं की वाढवलं. मांड्या झपाट्यानं भरल्या. १९४५ साली त्यानं ते प्रसिद्ध केलं. पुढे त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं दहा-दहाचे तीनच सेट पुरतात असं ठरवलं. आज जगातल्या कुठल्याही जिममध्ये "दहाचे तीन मार" असं पोरं एकमेकांना सांगतात, त्याचं मूळ युद्धातल्या त्या दवाखान्यात आहे.

म्हणून व्यायाम निवडताना दुसरी कसोटी ही, की त्यात भार थोडा थोडा वाढवता आला पाहिजे. ज्यात दोन महिन्यांनी पुढे जायला जागाच नाही तो व्यायाम वाईट नसतो, पण तो पाया होऊ शकत नाही. सूर्यनमस्कार शरीर मोकळं करायला, घाम काढायला उत्तम. मी स्वतः अजून रोज १२ घालतो. ताकदीसाठी मात्र त्यांच्यावर विसंबून राहू नका.

आता पाचही कामं एकेक पाहू. बसून उठण्याबद्दल बोललो. त्यात तालमीची बैठक आणि वजन घेऊन मारायची बैठक यांत एक फरक आहे, तो सांगतो. तालमीच्या बैठकीत टाचा उचलल्या जातात, चवड्यावर झोक घेऊन उठायचं असतं. वजन घेतलं की टाचा जमिनीला चिकटलेल्या हव्यात, पावलं खांद्यांएवढी रुंद, गुडघे पावलांच्या दिशेनं. जेवढं खाली जाताना कंबर गोल होत नाही तेवढंच खाली जायचं. बैठकांनी गुडघे जातात, ही भीती पुष्कळांना असते. ज्यांचा गुडघा आधीच दुखतो, सुजतो, त्यांनी डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी. पण ठणठणीत गुडघा हळूहळू चढवलेल्या भारानं झिजून जातो ही समजूत खरी नाही. त्याच्या भोवतीच्या स्नायूंना उलट त्यातूनच बळ येतं.

वाकून उचलणं हे सगळ्यांत दुर्लक्षित काम. जिमच्या भाषेत याला डेडलिफ्ट म्हणतात. नाव भीतीदायक आहे आणि ते ऐकून पन्नाशीच्या लोकांचा चेहरा पडतो. "डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय." ज्यांना खरोखर मणक्याचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं. पण बाकीच्यांचं काय? घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो, आणि रिकामी टाकी जवळजवळ तेवढीच किंवा जास्त भरते. म्हणजे ३० किलो. वीस लिटर पाण्याचा जार, गव्हाचं अर्धं पोतं, झोपी गेलेलं सहा वर्षांचं पोर, हे सगळं आपण उचलतोच. व्यायामशाळेत १० किलोही उचलायला घाबरणारा माणूस घरी सिलिंडर ओढत नेतो, तोही पाठीची कमान करून आणि एका हातानं. तेव्हा उचलायचं आहेच, ते शिकून उचलावं.

शिकायला लागते एक काठी. घरचा फरशी पुसायचा दांडा चालेल. तो पाठीवर उभा धरायचा. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, या तीन ठिकाणी तो टेकला पाहिजे. आता गुडघे किंचित मोडून पार्श्वभाग मागे न्यायचा. हात मोकळे नसताना मागचं दार बसक्यानं ढकलून बंद करतो ना, अगदी तसं. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर वाकणं कमरेच्या सांध्यातून झालं. एखादी जागा सुटली तर पाठ वाकली. नव्या माणसाला हे जमायला दहा-बारा दिवस लागतात, शेतावर काम केलेल्या बाईला बहुधा दहा मिनिटं. मग हातात पाच किलोची पिशवी, पुढे १०, पुढे लोखंडी दांडा आणि चकत्या. या एका व्यायामात मांडीची मागची बाजू, कंबर, पाठ आणि हाताची पकड सगळं कामाला लागतं. मला कुणी पाचांतला एकच ठेवायला सांगितला तर मी हाच ठेवीन. बैठकांवर माझं प्रेम असूनसुद्धा.

ढकलण्याबद्दल फार सांगत नाही, कारण जोर सगळ्यांना माहीत आहेत. साध्या सपाट जोरात, ज्याला आता पुशअप म्हणतात, हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोनतृतीयांश भार येतो. ६० किलोच्या माणसाला तो ४० किलो झाला. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी भिंतीपासून सुरुवात करावी, मग ओटा, मग पलंगाची कड, मग जमीन. हात जितके खाली तितका भार जास्त, एवढंच तंत्र. ज्यांना जमिनीवर वीस सहज निघतात त्यांनी डोक्यावर वजन ढकलायला घ्यावं. माळ्यावरची पातेली काढताना तेच लागतं.

ओढण्यासाठी सगळ्यांत चांगला व्यायाम म्हणजे सिंगलबारला लटकून वर जाणं, पण तो बहुतेकांना सुरुवातीला एकही जमत नाही. त्यात लाज नाही. एका हातानं पलंगावर टेकून दुसऱ्या हातानं पिशवी बरगडीपर्यंत ओढायची, असं प्रत्येक बाजूला दहा वेळा. किंवा घट्ट खांबाला जुन्या साडीचा पिळा घालून, दोन्ही टोकं धरून मागे रेलायचं आणि छाती खांबाकडे ओढून घ्यायची. पावलं जितकी खांबाजवळ तितकं अवघड. खांब हलत नाही ना, हे आधी पाहा. जितके ढकलण्याचे व्यायाम तितके तरी ओढण्याचे हवेतच, आणि टेबलावर बसून काम करणाऱ्यांनी दुप्पट केले तरी हरकत नाही.

राहिलं ओझं घेऊन चालणं. दोन हातांत दोन सारख्या पिशव्या, खांदे मागे, ताठ चालत गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढंच. ज्यांच्या आई-आज्यांनी डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी घेऊन पाणी भरलं त्यांना हा व्यायाम म्हणून सांगताना संकोच वाटतो. पण पकडीचं महत्त्व आता वैद्यकातही मानतात. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताची पकड मोजून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पकड पाच किलोनं कमी असली तर पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळला. नुसती मूठ आवळून आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नव्हे. हाताची पकड ही सगळ्या शरीराच्या ताकदीची खूण असते, म्हणून डॉक्टर ती मोजतात.

जिममध्ये जाणाऱ्या तरुणांना वाटतं की स्क्वॉट, बेंचप्रेस आणि डेडलिफ्ट हे तीनच मूळ व्यायाम. ही यादी पॉवरलिफ्टिंग या खेळाची आहे. स्पर्धेत मोजायला सोपे म्हणून ते तीन. त्यात ओढणं नाही, डोक्यावर ढकलणंही नाही. डोक्यावर ढकलणं पूर्वी ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये होतं. पण खेळाडू इतके मागे झुकायला लागले की पंचांना बरोबर-चूक ठरवता येईना, म्हणून १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ते काढून टाकलं. म्हणजे पंचांच्या अडचणीमुळे एक व्यायाम यादीतून गेला. आपल्या पाठीचा त्यात काय दोष? आरशात पुढून दिसणाऱ्या स्नायूंचेच व्यायाम करणारी पोरं तर सगळीकडे आहेत. त्यांना मी चिडवतो, "लग्नाच्या फोटोत पाठ येत नाही म्हणून का?"

वजन योग्य आहे, पोट फारसं नाही, तेव्हा आपल्याला हे नको, असंही काही जण म्हणतात. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांच्या उंची-वजनाचं गुणोत्तर अगदी सारखं, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस सडपातळ दिसला तरी त्याच्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्यांनी दाखवलं. रक्तातली साखर रिचवण्याचं मोठं काम स्नायू करतात, तेव्हा मधुमेहाच्या या देशात त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

बायकांना आणखी एक सांगायचं आहे, हाडांबद्दल. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर प्रयोग झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या निम्म्यांना चारच व्यायाम दिले. डेडलिफ्ट, खांद्यावर वजन घेऊन बैठका, डोक्यावर वजन ढकलणं आणि बारला धरून वर जाऊन खाली उडी. आठवड्यात दोनदा, अर्धा अर्धा तास. पहिला महिना नुसती पद्धत शिकवण्यात गेला, मग चांगलं जड वजन, पाच-पाचचे पाच सेट, शिक्षकांच्या देखरेखीखाली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या बाकीच्यांची एक टक्क्याच्या वर घटली होती. हाडं ठिसूळ आहेत म्हणून वजन उचलू नका, असा सरसकट सल्ला देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. पण ऐकून लगेच कुणी एकटीनं जड दांडा उचलायला जाऊ नये. त्यांचा तो पहिला महिना आणि ती देखरेख लक्षात घ्या.

किती दिवस करायचं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं आहे की प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा, आणि ६५ च्या पुढच्यांनी तोल आणि ताकद यांचा व्यायाम तीन दिवस करावा. एक दिवस सोडून एक दिवस धरला की झालं. पाच व्यायाम, प्रत्येकाचे दोन किंवा तीन सेट, आठ ते बारा वेळा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, पण पद्धत बिघडायला नको. मध्ये दीड-दोन मिनिटं बसा, घाई करू नका. वजन उचलताना श्वास सोडा, दातओठ खाऊन कोंडू नका. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी हे विशेष पाळायचं आणि डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचं. स्नायू दुसऱ्या दिवशी दुखतात ते ठीक. सांध्यात टोचणारी किंवा पायात उतरणारी कळ आली तर थांबा.

बारा वेळा सहज निघाले की पुढच्या खेपेला थोडं वजन वाढवायचं, एक-दोन किलो पुरे. आणि हे लक्षात राहत नाही, म्हणून शंभर पानी वही करा. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. आमच्याकडे वही नसलेल्याला मी वजनाला हात लावू देत नाही.

वजनं विकत आणायची नसतील तर वाळू स्वस्त पडते. पाच-पाच किलोच्या पिशव्या भरून त्या एका मजबूत कापडी थैलीत घालत जा, म्हणजे वाढवणं सोपं होतं. फक्त वाळू भरताना प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घाला आणि तोंड सुतळीनं आवळा. एकेरी पिशवी पंधरा दिवसांत फाटते आणि मग वाळू घरभर होते, गाद्यांतसुद्धा.